ऐकणारो टीव्ही

मे महिन्यातल्या एका दुपारी तोरसकरांचा टीव्ही गेला. दिवे दोनदा मिणमिणले, पंखा थांबून पुन्हा फिरायला लागला, आणि टीव्हीच्या पाठीतून जळक्या रबराचा वास आला. चंद्रप्रकाशबुवा समोरच बसले होते. त्यांनी त्याला वरून दोन थापट्या मारल्या, मागची वायर हलवली, पुन्हा दोन थापट्या मारल्या. चौदा वर्षं हेच औषध लागू पडत आलं होतं. या खेपेला पडलं नाही.

त्यांची बायको नलिनी दारात बसून मिरच्यांची देठं काढत होती. तिने मान वर केली आणि घरच्या मालवणीत विचारलं.

"गेलो?"

"गेलो," बुवा म्हणाले.

नलिनीने पुढची मिरची उचलली. तिच्या तोंडावर दुःख म्हणावं असं काही दिसलं नाही. अडून बसलेल्या भाडेकरूने आपणहून खोली सोडली की मालकाचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

त्याला कारण होतं, आणि ते कारण चाळीस सेकंदांचं होतं.

शिमग्याच्या सुमारास नितेशने, म्हणजे तिच्या मुलाने, मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला होता. "आई, हे बघ. बाबा यूट्यूबवर." कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वीची एक डबलबारी चढवली होती. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, समोरासमोर. पहिला बुवा आपली बारी करतो. अभंग गातो, गौळण गातो, आणि मध्ये मध्ये गजाली, म्हणजे गमतीचे किस्से, सांगून मंडप हसवतो. तेवढा वेळ दुसऱ्याने गप बसून ऐकायचं. मग दुसऱ्याची बारी, तेव्हा पहिल्याने तोंड उघडायचं नाही. असा कायदा. चंद्रप्रकाशबुवा एके काळी या सामन्यांचे भांडुप-मुलुंडच्या डोंगरावरचे बिनीचे गडी. कारखान्यात फिटर, आणि शनिवार-रविवार बुवा. पुढे कारखाना बंद पडला आणि मागोमाग गळाही बसला. कारखान्याच्या जागी टॉवर उभा राहिला. गळ्याच्या जागी काही उभं राहिलं नाही.

नलिनीने मंडळाच्या बारा माणसांना अठरा वर्षं जेवायला वाढलं. बारी मात्र एकही पुरती ऐकली नाही. बारी रंगात यायची तेव्हा ती भाकऱ्या थापत असायची, आणि संपायची तेव्हा टोप घासत असायची.

मोबाइलवरचे बुवा काळ्याभोर केसांचे होते. पेटीवरचा हात उचलून ते म्हणाले, "आता आमच्या हिची एक गजाल ऐका." मंडपात आधीच हशा पिकला. मृदुंगावरचा शिवदास पुढे वाकला. "आमची ही एकदा..." बुवा म्हणाले, आणि नितेशचा फोन वाजला. पवईच्या ऑफिसातली लिफ्ट अडकली होती, आणि ऑफिसातल्या लिफ्टा हीच नितेशची नोकरी.

"नंतर दाखवतो," तो म्हणाला.

या नंतरला अडीच महिने झाले. तिने नितेशला चारदा सांगून पाहिलं, सुनेला, ऋतिकाला, दोनदा. दोघं वाईट नव्हती. फक्त घाईत होती. ऋतिका एकदा पाहुण्यांसमोर म्हणाली, "आईंना सगळं लावून द्यावं लागतं," आणि गोड हसली. त्यानंतर नलिनीने विचारणं सोडलं. ती दुसरीपर्यंत शिकली होती. अक्षरं तिला गावच्या जत्रेत दिसणाऱ्या माणसांसारखी वाटत. तोंडं ओळखीची, नाव आठवत नाही.

शेवटी तिने बुवांनाच विचारलं होतं. "अवो, त्या बारयेत माझ्याबद्दल काय सांगलात?"

"कसला? माका काय आठवणा नाय."

तीनशे अभंग तोंडपाठ असलेला माणूस हे म्हणाला. नलिनीने ते लक्षात ठेवलं.

*

टीव्ही गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पहाटे साडेपाचला डोंगर उतरली. त्याआधी दोन हंडे आणि एक कळशी भरून झाली होती. वस्तीतलं पाणी अर्धा तास येतं आणि सांगून जात नाही. खाली, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत वसुधाताईंचं पोळीभाजी केंद्र. नलिनी तिथे सकाळी अकरापर्यंत दीडशे पोळ्या लाटते, लग्नसराईत अडीचशे. मनगटात एक हाड हल्ली लाटण्याबरोबर आवाज करतं. तीनही शेगड्या पेटल्या की तिथली हवा तव्याहून थोडीच गार असते. पत्रा तापलेला, पीठ घामाला चिकटतं, घाम पुसायला कोपर वापरायचं कारण हात मोकळे नसतात.

"आमच्याकडे तर मी रिमोटशी बोलते," वसुधाताई डबे मोजता मोजता म्हणाल्या. "बटण दाबून धरायचं आणि काय हवं ते सांगायचं. शौनकने शिकवलं."

शौनक त्यांचा नातू. लाटणं थांबलं.

"लिवूचा लागणा नाय?"

"छे गं. नुसतं बोलायचं."

"कोणय बोलला तरी चालता?"

"कोणीही. फक्त शुद्ध बोलावं लागतं."

"म्हणजे कसा?"

वसुधाताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "म्हणजे," त्या म्हणाल्या, "माझ्यासारखं."

नलिनीने पोळी तव्यावर टाकली. ती टम्म फुगली.

*

रविवारी जेवताना घरात टीव्हीवर सभा झाली. बाहेरच्या दहा बाय बाराच्या खोलीला ऋतिका आल्यापासून हॉल म्हणत. खोली तेवढीच राहिली होती.

"त्रेचाळीस इंची घेऊ," नितेश म्हणाला. "फोर के. मॅच झकास दिसते."

"आणि भिंतीवर लावायचा," ऋतिका म्हणाली. "कडा बारीक असलेला. जाड कडांचा नको ना, जुनाट वाटतो."

"साधो घेवा," बुवा म्हणाले. "ता स्मार्ट नि बिर्ट नको. ते टीव्ही घरातली गजाल ऐकतत म्हणे, नि सरकाराक सांगतत."

"बाबा, सरकार काय करणार आपल्या गजालींचं?"

"ता सरकाराक विचार. साधो घेवा. बातम्यो दिसल्यो, झाला."

बुवांनी एखाद्या वस्तूबद्दल इतका आग्रह धरल्याचं त्या घरात कुणाला आठवत नव्हतं. लग्नातसुद्धा त्यांनी मुलगी काकांच्या पसंतीने केली होती. नलिनी त्यांच्या ताटात कोलंबीची आमटी वाढत होती. पळी थोडी हवेत थांबली.

"माका बोलणारो टीव्ही नको," ती म्हणाली. "बोलणारी माणसां घरात बरीच आसत. माका ऐकणारो होयो. मी सांगलंय की लावणारो. नि पंधरा हजाराच्या वर एक रुपयो जावचो नाय."

पैसे तिच्या पोळ्यांचे होते. त्यामुळे सभेचा ठराव एकमताने झाला. बुवा तेवढे उठून हात धुवायला गेले, आणि बराच वेळ धूत राहिले.

*

बुधवारी नितेशने अर्धी रजा टाकली. बुवाही निघाले. गुडघे दुखतात म्हणून जे महिनाभर डोंगर उतरले नव्हते, ते इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांच्या पुढे पायऱ्या उतरत होते.

दुकानात एसी होता. नलिनीच्या पाठीवरचा घाम एकदम गार झाला आणि पोलकं चिकटलं. भिंतभर टीव्ही. प्रत्येकात एकच संत्रं कापलं जात होतं आणि एकच घुबड डोळे मिटत होतं. केयूर नावाचा विक्रेता पुढे आला. चाळिशीचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, मराठी गुजराती हेलाची पण स्वच्छ.

"या काकी. बघा, याचे कलर बघा. संत्र्याचा रस पण दिसेल तुम्हाला."

"रस माका घराक दिसता. ऐकता काय तो?"

"ऐकतो ना. मराठी पण ऐकतो. बोला."

त्याने रिमोट दिला आणि माइकचं बटण दाखवलं. नलिनीने तो तोंडाशी धरला, गरम भजी फुंकून खावी तसा, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांची बारी लाव."

टीव्हीने क्षणात काहीतरी लिहिलं. नितेशने वाचलं, "आमच्या यांची भारी लावणी." पडद्यावर एक बाई नाचायला लागली. बुवा दुसरीकडे बघायला लागले.

"हे दुसरं बघा, जास्त हुशार आहे," केयूर म्हणाला.

हुशार टीव्हीला नलिनीने मुलुंडच्या बुवांची डबलबारी मागितली. त्याने मुलुंडमधले डबल बेड दाखवले, सागवानी, हप्त्याने.

"मेल्याक झोप इली वाटता," नलिनी म्हणाली.

"आई, तू सरळ बाबांचं नाव सांग ना," नितेश म्हणाला. "एका सेकंदात येईल."

नलिनीने पदर खांद्यावर सारखा केला. अडतीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनकार्डाच्या खिडकीतसुद्धा नाही. तिथे तिने शेजारणीला सांगायला लावलं होतं.

"नाव कसा घेव मी? समोर उभे आसत ना."

"मग मी सांगतो. दे इकडे."

"तू रोज दुपारी घरात असतलंस?"

नितेशने हात मागे घेतला. केयूर समजुतीने म्हणाला, "आमची बा, म्हणजे आई, पण नव्हती घेत नाव. बापूजींना आयुष्यभर 'ऐकलं का' म्हणाली. बापूजी शेवटी बहिरे झाले, तेव्हा फार अडचण झाली."

सगळे थोडा वेळ त्या अडचणीचा विचार करत उभे राहिले.

मग नलिनी चालायला लागली. महागडे टीव्ही मागे पडले, संत्री मागे पडली. दुकानाच्या टोकाला, मिक्सरांच्या कपाटाशेजारी एक बत्तीस इंची टीव्ही टांगला होता. त्याच्या कडा जाड होत्या. कंपनीचं नाव सांगायला केयूरलाही खोक्याकडे बघावं लागलं.

"तेरा हजार नऊशे," तो म्हणाला. "पण काकी, खरं सांगतो, हे जरा स्लो आहे."

नलिनीने त्याचा रिमोट घेतला. आधीचे दोन्ही टीव्ही फार घाईचे होते. तिने श्वास घेतला की वाक्य संपलं असं समजून ते धावत सुटायचे, आणि भलतंच घेऊन परत यायचे. हा तसा नव्हता. पडद्याच्या तळाशी एक निळी रेघ नुसती थरथरत राहिली. तिने श्वास घेतला, रेघ थांबली. तिने घसा खाकरला, रेघ थांबलेलीच.

बाईमाणसाला नवऱ्याचं नाव घ्यायची एकच रीत तिला ठाऊक होती. तिने डोळे मिटले.

"डोंगरार चढतंय," ती म्हणाली, "डोक्यार कळशी..." मग पुढचं जुळवायला वेळ घेतला. रेघ वाट बघत होती. "चंद्रप्रकाशबुवांची बारी लाव, तर नेतंय तुका घराशी."

मिक्सर बघायला आलेल्या दोन बायका वळल्या. बुवा छतावरच्या पंख्यांच्या किमती वाचू लागले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, इतका वेळ, की केयूरने दोनदा माफी मागितली. आणि मग चार चित्रं उमटली. पहिल्या तिन्हींत वेगळेच कुणी होते. चौथ्यात काळ्याभोर केसांचा एक माणूस पेटीमागे बसला होता.

"चित्र बरा नाय ह्याचा," बुवा घाईने म्हणाले. "केस बघ, निळे दिसतत."

"लावू का काकी?" केयूरने विचारलं.

"हय नको." दुकानात लोक होते. जे हसणं ती अडीच महिने कानात घेऊन हिंडत होती, ते तिला परक्या माणसांच्या मध्ये उभं राहून ऐकायचं नव्हतं. "घराक. ह्यो घेवया."

"आई, किती हळू आहे हा."

"हळू नाय तो. समोरच्याचा बोलणा संपासर थांबता. घरात असो एक तरी होयो."

*

दुकानाचा टेंपो गुरुवारी दुपारी पायऱ्यांच्या पायथ्याशी थांबला. घरपोच म्हणजे गाडी जाते तिथपर्यंत, असा कंपनीचा नियम असल्याचं त्या माणसाने सांगितलं. वर एकशे बारा पायऱ्या होत्या. नितेश पवईला, ऋतिका कामावर. बुवांनी पायऱ्यांकडे बघून दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

नलिनीने पदर सोडवला, त्याची चुंबळ केली, डोक्यावर बसवली. "चढवा."

"मावशी, आडवा नको हां. उभाच पाहिजे. काच जाईल."

"उभो तर उभो."

खोकं पाण्याच्या हंड्यापेक्षा हलकं होतं, पण हंडा गोल असतो आणि त्याला वारा धरत नाही. विसाव्या पायरीला डोंगरावरून झुळूक आली आणि खोकं शिडासारखं भरलं. ती पाय रोवून उभी राहिली. मानेची शीर ताणली गेली, पोटऱ्या थरथरल्या. झुळूक गेली तशी ती पुढे निघाली. तापलेलं सिमेंट चपलेतून भाजत होतं. मागून बुवा येत होते. त्यांनी स्क्रूंची पुडी घेतली होती.

साठाव्या पायरीशी, सार्वजनिक नळाजवळ, शेजारची मीरा रिकामा टोप घेऊन बसली होती. "काय गो वयनी, कपाट घेतलंस?"

"टीव्ही."

"नि बुवा काय घेवन येतत?"

"माका," नलिनी म्हणाली, आणि दम घ्यायला थांबली. "माका सोबतीक इलेत."

शुक्रवारी माणूस येऊन भिंतीला भोकं पाडून गेला. टीव्ही तिरका बसला. ऋतिकाने कडांकडे बघून एक उसासा टाकला आणि वायफाय जोडून दिलं.

शनिवारी केंद्रावरून आल्यावर, हाताचं पीठही न धुता, नलिनी टीव्हीसमोर बसली. बुवा आतल्या खोलीत खाटेवर झोपले होते. निदान घोरत होते. तिने बटण दाबून उखाणा म्हटला, दुकानात म्हटला होता तसाच. टीव्हीने बराच विचार केला आणि नव्या नवरीसाठी सोपे उखाणे दाखवले. एकामागून एक मुली आल्या, शालू नेसलेल्या, आणि नवऱ्याचं नाव घेऊन दात दाखवून गेल्या. नलिनीने तीन नवऱ्या बघितल्या. मग नावाला बगल देऊन पाहिली. "गळो बसलेलो बुवा," ती म्हणाली. टीव्हीने आलं आणि मधाचा काढा सांगितला.

दुसऱ्या दिवशी रिमोट लागेना. बटण दाबलं तरी त्याचा दिवा पेटत नव्हता. तिने तो उलटा करून झाकण उघडलं. आत सेल नव्हते.

ती आत गेली. उशाशी बुवांचा रेडिओ ठेवलेला होता, गणपतीपासून बंद पडलेला. त्यातून बाजारभाव ऐकू येत होते.

"लागलो रेडियो," बुवा म्हणाले.

"होय. बघलंय." तिने रेडिओ उचलला, उलटा केला, दोन सेल काढले आणि जागच्या जागी ठेवला.

*

सोमवारी ऊन असं होतं की वस्तीतली सगळी दारं उघडी होती, आणि बायका उंबऱ्यांवर भाजी निवडत बसल्या होत्या. नलिनीने हात धुतले, पदराला पुसले, भिंतीला टेकून बसली आणि बटण दाबलं.

"चंद्र," ती म्हणाली, आणि जीभ अडली.

टीव्हीने चंद्र दाखवला. त्याच्याकडे एक यान चाललं होतं.

"प्रकाश," ती म्हणाली. टीव्हीने दिव्याच्या माळा दाखवल्या, घाऊक भावात.

तिने कपाळ पुसलं. मग दोन्ही तुकडे जोडून म्हणाली, पण देवळात बोलावं तेवढ्याच आवाजात. टीव्हीने लेखी उत्तर दिलं नाही. त्यातून एका बाईचा आवाज आला, शांत, वसुधाताईंच्या वळणाचा. "समजलं नाही. पुन्हा बोला."

अडतीस वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने पुन्हा म्हटलं.

"समजलं नाही. पुन्हा बोला."

आतलं घोरणं थांबलं.

"चंद्रप्रकाश," नलिनी म्हणाली. पाण्याचा टँकर आला की वरच्या घरांना हाळी घालायची, तो आवाज तिने काढला होता. "चंद्रप्रकाश तोरसकर. चंद्रप्रकाश तोरसकर बुवा. डबलबारी."

बाहेरच्या विळ्या थांबल्या. कुठूनसा एक कुकर शिटी देऊन गप झाला. घराचं छप्पर होतं तिथेच होतं, मंगळसूत्रही गळ्यातच होतं. पडद्यावर गोल फिरला, फिरला, आणि बुवा पेटीमागे येऊन बसले.

पुढे कसं ढकलायचं हे तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने सगळं ऐकलं. आधी देवाला गाऱ्हाणं, मग गजर, मग दोन अभंग. तिला नवल वाटलं. आवाज उंच जाताना फाटत नव्हता. वर जाऊन तिथे पाय मोडून बसत होता. हा गळा घरात फक्त मीठ कमी आहे हे सांगायला वापरला गेला होता. ती मांडीवर बोटाने ताल धरून बसली. बुवा आतल्या दाराशी येऊन उभे राहिले होते, चौकटीला एक हात लावून. तिने मान वळवली नाही.

मग पेटीवरचा हात उचलला गेला.

"आता आमच्या हिची एक गजाल ऐका. आमची ही एकदा माझी भजनाची वही घेवन घाटकोपराक निघाली. मी घराक इसारलेलंय ना. आता बशीवरची पाटी वाचूक येणा नाय. बसली खंयच्या बशीत? बोरिवलीच्या. थंय उतारली, हयसर बघल्यान, थंयसर बघल्यान, नि कंडक्टराक म्हणता कशी, घाटकोपर बदालला हो किती."

मंडप फुटला. शिवदास मृदुंगावर आडवा पडून हसत होता.

"ह्याका मी सुरमयचो मधलो तुकडो वाढीत होतंय," नलिनी म्हणाली. ते कुणाला उद्देशून नव्हतं.

"तेव्हापासून," पडद्यावरचे बुवा हशा ओसरू न देता म्हणाले, "माझ्या वयेतले सगळे अभंग बोरिवलीच्या चालीर म्हणूचे लागतत." पुन्हा हशा. बायकांच्या बाजूनेही हशा. आणि तो पुरता निवायच्या आत गौळण सुरू झाली, आणि ती फार सुरेख गायली गेली.

नलिनीने गौळण संपेपर्यंत ऐकली. मग चित्र थांबलं. पहिली बारी एवढीच होती. तिने लाल बटण दाबलं, टीव्हीने आपला वेळ घेतला, आणि काळा झाला. तिने रिमोट पाटावर ठेवला.

"चंद्रप्रकाश," ती म्हणाली.

बुवांनी टीव्हीकडे पाहिलं. तो बंद होता.

"चंद्रप्रकाश, हय ये. बस."

दाराबाहेर मीरा भेंडीचं ताट घेऊन उंबऱ्याला टेकली होती, तिच्या मागे आणखी दोघी. दार लावायला उठावं तर नलिनी मध्ये बसली होती. बुवांनी चौकटीवरचा हात काढला. ते आले, आणि गुडघे दुखत असूनही तिच्यासमोर खाली बसले, मांडी घालून.

"गळो बरो होतो तुझो," नलिनी म्हणाली. "तसो गळो मी ऐकूक नाय कधी. पण गजाल चुकली. घाटकोपर बदालला असा मी म्हणूक नाय. त्या दिवशी काय झाला ता तुका ठावकच नाय, कारण तू कधी इचारूकच नाय. पयली बारी तुझी झाली. आता माझी. दुसऱ्यान गप ऱ्हवचा असता, ता मी तुका काय सांगूचा?"

बुवांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नितेश दोन वर्षांचो होतो," ती सुरू झाली. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "कमरेर तो, अंगात ताप, नि हातात तुझी वही. बशीच्या रांगेत एक चष्मेवालो होतो. त्याका मी पाटी इचारलंय. त्यान माका वरसून खालपर्यंत बघल्यान, नि म्हटल्यान, हीच बस. त्यान माझी मस्करी केल्यान, ता माका बोरिवलीक गेल्यार कळला. थंयसून घाटकोपराक येवक माका अकरा माणसांक इचारूचा लागला. अकरा. दिवेलागणीक मी तुझ्या मंडपाच्या मागे येवन उभी ऱ्हवलंय. तू बाहेर इलंस, माझ्या हातातली वही बघलंस, नि म्हटलंस..."

"अगो, मी तेव्हा..." बुवांनी तोंड उघडलं.

"बुवानू," उंबऱ्यावरून मीरा म्हणाली, "बारी चालू आसा."

बुवांनी तोंड मिटलं.